क्रेनखालचा माणूस

पिपलानी, भोपाळ
१४ फेब्रुवारी १९९४

प्रिय कमल,

तू नागपूरला गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. निघताना तू मागच्या अंगणाच्या भिंतीवरून मला हाक मारलीस तेव्हा मी मोरीत होते, आणि मुद्दाम नळ सोडून ठेवला. मी तुझी हाक ऐकली होती. एवढं आधी कबूल करते आणि मग पत्राला सुरुवात करते.

तुझ्या आईची मांडी कशी आहे? प्लास्टर कधी निघणार? विलासभावजींना विचारलं तर ते म्हणतात, "ठीक असेल, वहिनी." पुरुषांना विचारून काही कळत नाही. ते रात्री आमच्याकडेच जेवतात, काळजी करू नकोस. आपलं भांडण आपल्या दोघींचं, त्यात त्यांचं पोट कशाला? पहिल्या दिवशी संकोचून अंगणातच उभे राहिले. मी म्हटलं, भावजी, एकोणीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय, आता पाटावर बसायला निमंत्रणपत्रिका छापू का? मग आले.

हळदीकुंकवाच्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण तेवढंच लिहायचं आहे. पंधरा बायका बसलेल्या, हे पहिल्या पाळीवरून आले, दारातच चहाचा कप हातात घेतला आणि कप बशीवर टणटण वाजायला लागला. चहा बशीत, बशीतून सदऱ्यावर. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "काय वो मंदा, भावजी आजकाल घेऊन राहिले का?" बायका हसल्या. तू थट्टेनेच म्हणालीस, हे मला आता कळतं. त्या वेळी मात्र मी जे बोलले ते थट्टेतलं नव्हतं. "तुझ्या भावावरून जगाची परीक्षा करू नकोस." मनोहरला जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. दारूने गेलेल्या भावाचं नाव बहिणीच्या तोंडावर फेकलं मी, तेही हातात कुंकवाचा करंडा धरून.

तू वाण न घेता उठलीस. स्टीलची गाळणी आहे. तुझ्या नावाची अजून कपाटात ठेवली आहे.

ह्यांना अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही. टॉनिक सुरू केलंय. दूध वाढवलंय, रोज दोन अंडी देते. हात कमी हलतो आता. जवळजवळ नाहीच.

दोन ओळी लिही.

तुझी,
मंदाकिनी

---

३ एप्रिल १९९४

प्रिय कमल,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण हे सांगायला मला दुसरं कोणी नाही. आमच्या मीनाची इंदूरला शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे, तिला आत्ता काही कळवायचं नाही.

अशक्तपणा नव्हता. कारखान्याच्या दवाखान्यात न जाता आम्ही शहरातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ह्यांना अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांवर टेकवायला सांगितलं. डाव्या हाताने जमलं. उजव्या हाताची बोटं तीनदा टेकली, चौथ्यांदा दमल्यासारखी झाली आणि थांबली. मग चालायला सांगितलं. इतकी वर्षं मी ह्यांच्या शेजारून चालते, पण उजवा हात मागेपुढे होत नाही, नुसता अंगाला चिकटून राहतो, हे मला डॉक्टरांनी दाखवावं लागलं. कंपवात. डॉक्टरांनी इंग्रजी नाव पार्किन्सन असं सांगितलं. बरा होत नाही, पण सांभाळता येतो. "सांभाळता येतो" हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून.

आता मागचं सगळं आठवतं. दोन वर्षांपूर्वी दूध करपून घरभर वास सुटला होता, तू तुझ्या स्वयंपाकघरातून ओरडलीस, आणि हे दुधाशेजारीच पेपर वाचत बसले होते. त्यांना वासच आला नव्हता. मी किती बोलले! सही बारीक होत गेली, बँकेतून परत आली. चेहरा हसेनासा झाला. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत. दीड वर्ष मी त्या रागाचं कारण शोधत होते, कमल.

गोळीच्या डबीत एक इंग्रजी कागद असतो, आठ घड्या घातलेला. मुंगीएवढी अक्षरं. ग्वाल्हेरला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला प्रत्येक वाक्य बोट ठेवून वाचायला लावायच्या. तशीच भिंग घेऊन बसले. पण एका बैठकीत निम्माही झाला नाही, डोळ्यांत पाणी येत होतं. उरलेला मग वाचीन.

गोळ्या वेळेवर लागतात, मिनिटाची चूक चालत नाही. आम्ही भोंग्यावर बांधल्यात. सकाळच्या पहिल्या भोंग्याला एक, चहाच्या सुट्टीत एक, पाळी सुटल्याच्या भोंग्याला एक. गोळी चढली की अर्ध्या तासात माणूस मोकळा होतो, नाडी सोडल्यासारखा. उतरली की सगळं अंग लाकडाचं. शर्टाला मी बटणांच्या आतून टिचबटणं लावली आहेत. वरची बटणं नुसती शोभेला शिवली. कोणाला कळत नाही.

डॉक्टरांनी उंचावर काम करू नका, यंत्र चालवू नका असं सांगितलं. तू घाबरू नकोस. ह्यांना क्रेनवरून उतरवलं आहे, स्टोअरमध्ये बसतात.

विलासभावजींना यातलं काही लिहू नकोस. ह्यांना ते आवडणार नाही. शपथ आहे तुला माझी.

मंदाकिनी

---

१९ जून १९९४

प्रिय कमल,

तुझं कार्ड आलं. चारच ओळी, पण मी ते सहा वेळा वाचलं. "मला आधी का नाही सांगितलं" एवढं एकच वाक्य रागाचं, बाकी सगळं तुझ्या आईचं. तिला काठीवर उभं केलंत हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडेही आता काठी आली आहे, पण ती दारामागे असते. घराबाहेर नेत नाहीत.

नवीन प्रकार सुरू झाला आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी आले की पाय जमिनीला चिकटतात. शरीर पुढे जातं, पाय मागे. मी हात धरून ओढलं तर पडायची वेळ येते. डॉक्टर म्हणाले, ओढायचं नाही, थांबायचं, मग काहीतरी ताल द्यायचा, किंवा डोळ्यांसमोर ओलांडायला काहीतरी ठेवायचं. मी शाळेतल्या मार्च पास्टसारखं "लेफ्ट, राइट" म्हणून पाहिलं. आम्हाला सिस्टर टाळ्या वाजवून चालवायच्या, पांढरे कॅनव्हासचे बूट, खडूने रंगवलेले. हे म्हणाले, "मी काय तुझ्या वर्गातली मुलगी आहे का?" आणि तिथेच उभे. मग मी उंबऱ्याआधी लाटणं आडवं ठेवलं. एकदा ओलांडलं. दुसऱ्यांदा त्यावरून घसरले.

आंघोळीला स्टूल ठेवलंय. गंजिफ्रॉक डोक्यातून घालताना मधेच अडकतात, मी बाहेरून विचारते, "झालं का?" आतून उत्तर, "होतंय." त्या एका शब्दाला कधी कधी वीस मिनिटं लागतात. मी दाराबाहेर लसूण सोलत बसते. एवढा लसूण आमच्याकडे कोणी खात नाही.

परवा जेवताना विलासभावजी म्हणाले, "प्रभाकर, आज तू वरून हात दाखवायला विसरला बावा. मी खाली वाट पाहून राहिलो." वरून म्हणजे, स्टोअरला एक जिना आहे, तिथून.

ते घास तोंडाशी नेता नेता थांबतात आणि ह्यांच्याकडे बघतात. अगदी जवळून बघतात. मी वरण वाढायला उठते.

कमल, तुला माझं अक्षर वाकडं दिसत असेल. माझा हात ठीक आहे. मीच नीट बसत नाही.

मंदाकिनी

---

२ ऑगस्ट १९९४

कमल,

मी तुला खोटं लिहिलं.

हे स्टोअरमध्ये नाहीत. एक दिवसही नव्हते. रोज सकाळी ती लोखंडी शिडी चढून क्रेनच्या केबिनमध्ये बसतात. आणि खाली, हूकाला दोर अडकवायला, रोज तुझा नवरा असतो. अठ्ठावीस वर्षं जसा असतो तसाच.

डॉक्टरांनी नको म्हटलं त्या दिवशी बसमध्येच ह्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाले, "निवृत्तीला दोन वर्षंही उरली नाहीत, मंदा. वर बसल्यावर माझा हात लिव्हरवर टेकलेला असतो, तेव्हा तो हलत नाही. खरंच हलत नाही. एकदा खाली उतरवलं तर मी कोण?" मी हो म्हटलं. चार-पाच महिने मी सकाळी गोळी देते आणि पाळी सुटल्याचा भोंगा होईपर्यंत घरात काही करू शकत नाही. भोंगा वेळेआधी वाजला तर अपघाताचा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी तो न वाजण्याकडे कान लावून बसते.

काल वाजला नाही. पण झालं.

सोमवार होता. तुला माहीत आहे, आपला श्रावण लागायला अजून आठवडा आहे, पण इथल्या लोकांचा सावन पंधरा दिवस आधी लागतो. मी ठरवलं, ह्यांच्यासाठी दोन्ही धरायचे. सावनचेही सोमवार आणि श्रावणाचेही. जितके जास्त तितकं बरं, असं वाटलं. हेही माझ्यासाठी उपास करायला लागले. डब्यात साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ हाताने घातलेली. वर वाटीभर दाण्याची आमटी, दही. सकाळी निघताना पेलाभर दूध. उपाशीपोटी एवढ्या उंचावर कसं चढतील, म्हणून.

रात्री विलासभावजी आले ते उजव्या हाताला रुमाल बांधून. म्हणाले, "काही नाही वो वहिनी, आज जरा झोका बसला." हळूहळू कळलं. बारा टनांचं ओतीव लोखंडाचं कास्टिंग खाली ठेवत होते. भावजींनी थांबण्याची खूण केली आणि वर ह्यांचा हात लिव्हरवरून निघालाच नाही. दोन सेकंद, तीन सेकंद. कास्टिंग झुललं, लोखंडी स्टँडला लागलं, स्टँड आडवा झाला. तिथं कोणी नव्हतं. नशीब, म्हणाले. कास्टिंगचा झुलता दोर धरायला गेले तेव्हा बोटं सोलली.

हे जेवले नाहीत. मी भिंग घेतलं आणि तो कागद, एप्रिलमध्ये अर्धा सोडलेला, शेवटपर्यंत वाचला. प्रथिनांच्या जेवणाबरोबर ही गोळी लागू पडत नाही. दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे. गोळीआधी आणि गोळीनंतर अंतर ठेवायचं. दुपारचं जेवण हलकं, डाळ-दूध रात्री.

कमल, जानेवारीपासून मी दूध वाढवत होते. अंडी देत होते. आणि ज्या दिवशी देवाकडे सगळ्यात जास्त मागितलं, त्याच दिवशी डब्यात दाण्याचं कूट भरून माझ्या हाताने गोळी मारून टाकली. पंचवीस जुलैच्या सोमवारीही हे म्हणाले होते, "आज अंग सुटलंच नाही." मी म्हटलं, पुढच्या सोमवारी नक्की सुटेल.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टर्बाइनचा मोठा रोटर उचलायचा आहे. वर्षातला सगळ्यात जड. हे म्हणतात, तो उचलून मग बघू.

तू मला काय म्हणशील ते म्हण. मी ऐकेन. या वेळी नळ सोडणार नाही.

मंदाकिनी

---

१३ ऑगस्ट १९९४

कमल,

तुझं पाकीट काल मिळालं. आत एवढंच: "आईला सोडून मला आत्ता निघता येत नाही. मी त्यांना पत्राने कळवणार नाही, पत्र चार दिवस लावते आणि ते वाचून तुझ्या दारात येतील ते मला नको. तू सांग. तुझ्या तोंडाने. राखीपर्यंत नाही सांगितलंस तर मी कारखान्यात मॅनेजरला तार करीन. मग मला तुझी मैत्रीण म्हणू नकोस."

तू बरोबर आहेस.

तीनदा सांगायला गेले. एकदा ते भिंतीपलीकडे सायकल पुसत होते. मी हाक मारली, ते "जी वहिनी?" म्हणाले, आणि मी विचारलं, कोथिंबीर हवी का? एकदा जेवताना. हे समोर होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा हलत नाही, पण डोळे अजून पहिलेच आहेत ना. तिसऱ्यांदा मी तुमच्या दारापर्यंत गेले आणि तुमची कडी वाजवली नाही.

रोज सकाळी दोन्ही नवरे एकाच फाटकातून बाहेर पडतात. मी दोघांनाही "सांभाळून" म्हणते. एकालाच त्याचा अर्थ माहीत आहे.

डबा बदलला आहे. भात, दुधीची भाजी, पोळी. वरण रात्री. फरक पडतो. त्यानेच मला जास्त भीती वाटते. फरक पडला की हे म्हणतात, "बघ, ठीक आहे मी."

मं.

---

२२ ऑगस्ट १९९४

प्रिय कमल,

सांगितलं.

काल राखी. सकाळी नऊच्या सुमारास भावजी अंगणात दाढी करत होते, भिंतीवर आरसा टेकवून. मी भिंतीच्या अलीकडून सगळं एका दमात सांगितलं. आजाराचं नाव, डॉक्टरांनी काय म्हटलं, किती महिने झाले, पहिल्या तारखेचा सोमवार, दाण्याचं कूट. मधे थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. त्यांचा अर्धा गाल साबणाचाच राहिला.

त्यांनी वस्तरा खाली घेतला. मग म्हणाले, "म्हणजे दारू नाही?"

मला कळलंच नाही. म्हटलं, कसली दारू?

"अवो वहिनी, संक्रांतीपासून मी रोज सकाळी तुमच्या नवऱ्याचं तोंड हुंगून राहिलो!"

कमल, तू हळदीकुंकवाहून घरी गेलीस आणि रडत त्यांना सांगितलंस ना, भावजी प्यायला लागलेत, मनोहरचा हातही आधी असाच हलायचा म्हणून? त्यांनी ते मनात ठेवलं. कोणाला बोलले नाहीत. रोज फाटकाशी मुद्दाम जवळ जाऊन "काय प्रभाकर, झोप झाली का?" विचारायचे, ते वास घेण्यासाठी. डबा उघडून पाण्याची बाटली हुंगायचे. जेवायला बसले की अगदी जवळून बघायचे, ते डोळे लाल आहेत का ते पाहायला. मला वाटायचं, ओळखलं यांनी.

"वास यायचा नाही, तरी हात हलायचा. मी म्हटलं, साला मोठा हुशार आहे, वासाचा बंदोबस्त करून पितो." हे म्हणताना ते हसले, आणि मग रागाने वस्तरा आरशाशेजारी भिंतीवर आपटला. "सहा महिने तुमच्या हातचं जेवलो मी. सहा महिने! एकदा तोंड उघडायचं होतं, वहिनी. मी एकटा नसतो खाली. माझ्यासोबत चार माणसं असतात, त्यांना बायका आहेत."

मी भिंतीला धरून ऐकून घेतलं.

आता पुढचं नीट वाच. तुझ्यासाठीच हे पत्र आहे. मी विचारलं, त्या सोमवारी स्टँड आडवा झाला तिथं कोणी कसं नव्हतं? तिथंच तर तुम्ही लोक उभे असता. ते म्हणाले, "पेलेल्या माणसाच्या क्रेनखाली कोण उभं राहील?" जानेवारीपासून त्यांनी नियम केला होता. प्रभाकर वर असला की माल उचलायच्या आधी सगळ्यांना लांब काढायचं, स्वतः वीस फुटांवरून खूण करायची. माणसं चिडवायची, विलासदादा डरपोक झाला म्हणून. ते ऐकून घ्यायचे.

तुझ्या ज्या वाक्यावरून मी तुझ्याशी बोलणं सोडलं, त्या वाक्याने तुझा नवरा वाचला, कमल. आणि कोण जाणे, आणखी कितीजण. मी पाच महिने गप्प बसून जे केलं नाही, ते तुझ्या एका आगाऊ थट्टेने केलं.

मग ते अर्धी दाढी तशीच ठेवून आमच्या घरात आले. हे खुर्चीवर सदरा हातात घेऊन बसले होते. भावजी समोर उभे राहिले.

"चल, उतर आता."

हे समजले. माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली नाही.

"दीड वर्ष, विलास."

"दीड वर्ष तू वर बसशील आणि मी खाली मान वर करून उभा राहू? माझी मान दुखते आता, म्हातारा झालो मी."

"रोटर तरी?"

"रोटरला तुझ्याहून कच्चा माणूस चालतो. हात बरा असला म्हणजे झालं."

हे कितीतरी वेळ सदऱ्याच्या टिचबटणाशी खेळत राहिले. टक, टक, टक. मग म्हणाले, "उद्या मी स्वतः सांगतो साहेबाला. तू येऊ नको."

"येतो ना. आत नाही येत. दाराशी उभा राहतो."

आज सोमवार. ह्यांनी पोळी-भाजीचा डबा नेला. उपास मी एकटीने धरला आहे. आत्ता दुपारचे दोन वाजलेत, भोंगा व्हायचा आहे. मी अंगणाकडे तोंड करून हे लिहिते आहे. दोघे एकत्र येतात की वेगवेगळे, तेवढं कळायचं राहिलं आहे.

पत्र बंद केलं नव्हतं म्हणून लिहिते. एकत्र आले. हे माझ्याशी बोलले नाहीत.

मंदाकिनी

---

१८ सप्टेंबर १९९४

प्रिय कमल,

तुझं मोठं पत्र आलं, आठ पानी. मनोहरबद्दल तू जे लिहिलंस ते मी जपून ठेवलं आहे. तू मला माफ केलंस असं कुठंच लिहिलं नाहीस, पण दिवाळीआधी येते म्हणून लिहिलंस. मला तेवढं पुरतं.

इथलं सांगते. कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासलं, मेडिकल बोर्ड बसलं, हलकं काम दिलं. आता खरोखर स्टोअरमध्ये बसतात. माझं खोटं पाच महिन्यांनी खरं झालं. क्वार्टर निवृत्तीपर्यंत आपलंच आहे. रोटर रमेशने उचलला, ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्या दिवशी हे स्टोअरच्या खिडकीत उभे राहून नुसता आवाज ऐकत होते, असं विलासभावजींनी सांगितलं. हे अकरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गोळी मागायचेसुद्धा हात पुढे करून. हात हलायचा आणि तोंड गप्प. मला वाटलं, आता असंच राहायचं. पाणी दिलं, गोळी दिली, डबा दिला. सकाळची भीती गेली होती आणि तिच्या जागी ही आली होती.

काल विश्वकर्मा पूजा. घरच्यांना आत सोडतात ना त्या दिवशी, तू मागच्या वर्षी अबोली नेसली होतीस. सगळी शेड पताकांनी भरलेली, यंत्रांना हळदीकुंकू, क्रेनच्या हूकाला झेंडूचा हार. हे यायला तयार नव्हते. भावजींनी ओढूनच नेलं. मोठ्या दाराशी जमिनीत रूळ बसवलेला आहे, गाडी आत जायचा. त्या रुळाशी आले आणि पाय चिकटले.

मागे माणसं, पोरंबाळं, परातीत प्रसाद घेऊन येणारे. कोणीतरी म्हणालं, "चलिए ना अंकल, रास्ता दीजिए." ह्यांचं शरीर पुढे झुकायला लागलं. मी लेफ्ट-राइट म्हणणार होते, लाज वाटली. हात धरणार होते, धरला तर पडले असते. आणि मला वाटलं, कमल, की हे इथं पडणार, अठ्ठावीस वर्षं ज्यांच्या डोक्यावर बसून काम केलं त्या सगळ्यांच्या समोर.

विलासभावजी पलीकडे हूकाजवळ होते. त्यांनी बघितलं. आवाज दिला नाही. हात पुढे केला, पंजा उघडा, आणि सावकाश ढकलल्यासारखा केला. एकदा, दोनदा. क्रेन पुढे घे म्हणून करतात ती खूण.

आणि हे चालायला लागले. रूळ ओलांडला, सरळ, हातसुद्धा थोडा हलला असेल. भावजी पंजा हलवत एक एक पाऊल मागे सरत गेले, हे त्यांच्यामागे. हूकाखाली आल्यावर भावजींनी मूठ आवळली. हे थांबले. दोघांनी वर रमेशकडे बघितलं. मग भावजी म्हणाले, "बावा, वीस टन आणला असता तर एवढं जड नसतं."

संध्याकाळी मी भावजींकडून सगळ्या खुणा शिकून घेतल्या. तर्जनी वर करून फिरवली की उचल, खाली करून फिरवली की खाली सोड, पंजा ढकलला की चल, मूठ म्हणजे थांब. कॉन्व्हेंटमध्ये इतकं काही शिकले, हे कोणी शिकवलं नव्हतं. आज सकाळी हे स्वयंपाकघराच्या दाराशी अडकले तेव्हा मी पोळी लाटत होते. पिठाच्या हातानेच खूण केली. घाईत चुकीची झाली, बोट खाली करून फिरवलं. ह्यांनी गंभीरपणे माझ्याकडे बघितलं, दारातली खुर्ची मागे ओढली आणि हळूहळू खाली बसले. मला काही कळेना. मग खांदे हलायला लागले. चेहरा तसाच, पण खांदे हलत होते. हसत होते ते.

म्हणाले, "ऑपरेटर खूण पाळतो, बाई. चूक खालच्या माणसाची."

अकरा दिवसांनी कामापुरते एक-दोन शब्द सुटले होते, पण धडपणे बोलले ते सत्तावीस दिवसांनी. मी मोजत होते हे त्यांना माहीत नाही.

भीती गेलेली नाही. गोळीचा असर आता पूर्वीइतका वेळ टिकत नाही, डॉक्टरांनी एक वाढवली. उद्या चढेल का, परवा किती वाजता उतरेल, हे रोज सकाळी नव्याने. घशात पाणी अडकतं कधी कधी, त्याचंही काही शिकावं लागेल. पण भोंग्याला मी आता घाबरत नाही. दुपारी झोपसुद्धा लागते.

दिवाळीआधी ये. संक्रांतीला पुन्हा हळदीकुंकू करीन, त्याच पंधरा बायका, आणि हे दारातून नाही, आत येऊन सगळ्यांबरोबर चहा घेतील. तुझी गाळणी कपाटात आहे. एक सांगून ठेवते, नंतर कंजूष म्हणशील: आमच्याकडे आता कप अर्धाच भरतात. फक्त ह्यांचा नाही. सगळ्यांचा.

तुझी,
मंदा